पंधरा दिवसांत जाणारं

सोनपेठच्या बसस्टँडसमोर अवधूतकाकांचा फोटो स्टुडिओ आहे. आत एक स्टूल, मागे आकाशी पडदा, आणि दाराजवळ एक आरसा. त्या आरशात तालुक्याच्या तीन पिढ्यांनी भांग पाडला. काकांचे वडील निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायचे. जाताना ते ती पेन्सिल देऊन गेले आणि सोबत एक नेमही देऊन गेले : पंधरा दिवसांत जाणारं असेल ते पुसावं, जन्माचं असेल त्याला हात लावू नये.

पुटकुळी, डासाचा चावा, दाढी करताना लागलेलं पातं, जागरणाची लाली, हे सगळं पाहुणं. आलं तसं निघून जाणारं. तीळ, गोंदण, देवीचे व्रण, उन्हातान्हानं पडलेल्या सुरकुत्या, ही घरची माणसं. पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला, तरी नेम तोच राहिला.

"काका, जरा गोरं करा की," असं कुणी म्हणालं की काका म्हणायचे, "ही काय चुन्याची भट्टी हाय व्हय? तुझ्या मायनं दिलंय ते राहू दे."

लोक हसायचे, पण फोटो त्यांच्याकडेच काढायचे. सोयरीक जमवणारे तर मुद्दाम विचारायचे, फोटो अवधूतकाकांकडचा आहे ना? मग पोरगी बघायला जायला हरकत नाही. त्यांचा फोटो खोटं बोलत नाही.

एका बाजाराच्या दिवशी धुरपताबाई आली. डोक्यावरची पाटी तिनं दारातच उतरवली. जवळच्याच खेड्यातली ही बाई, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. तिच्या दोन्ही लेकींचे शाळेच्या फॉर्मचे फोटो काकांनीच काढले होते. स्टुलाकडे बोट केलं तरी ती बसली नाही.

"तुमच्या फोटूनं माझी लेक खोटी पाडली, दादा."

काकांच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. "कोणती? कावेरी?"

"तीच की. म्हयना झाला, माघारी आलीय. तिकडं मारतेत तिला. बैठक भरली आमच्या घरी, तर तिच्या सासऱ्यानं तुमचा फोटू आणून मधी ठिवला. संक्रांतीचा. म्हनला, बगा, अवधूतकाकाचा फोटू हाय, ह्यात कुठं डाग दिसतोय का? आन् ही म्हनती, त्याच्या आदल्याच दिवशी मारलं." पदराच्या टोकानं तिनं तोंड टिपलं. "मला खरं सांगा. तवा तुमाला दिसला व्हता का न्हाई डाग?"

दिसला होता.

काकांना तो दिवस सगळा आठवला. लग्नानंतरची पहिली संक्रांत. कावेरी काळ्या साडीत, अंगावर हलव्याचे दागिने. हलव्याचा हार, हलव्याची बिंदी, पांढरेशुभ्र काटेरी दाणे. शेजारी नवरा, महारुद्र, नव्या कोटात. कावेरीच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, पावडरीच्या थराखाली जांभळं काहीतरी होतं. काकांनी सहज विचारलं होतं, काय लागलं गं? ती म्हणाली, खुंटी लागली. मग दोघं कॉम्प्युटरपाशी उभी राहून बघत होती आणि काकांनी नेमाप्रमाणे चार टिचक्यांत ते पुसून टाकलं. पंधरा दिवसांत जाणारं. तेव्हा कावेरीचा हात थोडासा उचलला गेला होता. "काका, ते..." एवढंच ती म्हणाली. महारुद्र म्हणाला, "लय बेस झाला." हात खाली गेला. हलव्याचे चार दाणे फरशीवर सांडले. संध्याकाळी झाडू मारताना काकांनी ते गोळा केले होते.

"दिसला व्हता," काका म्हणाले. "मीच पुसला."

धुरपताबाई आता स्टुलावर बसली.

मूळ फोटो काका वर्षभर ठेवतात. पंधरा मिनिटांत तो सापडला. पडद्यावर कावेरीचं तोंड मोठं झालं आणि पावडरीतून तो डाग वर आला. पिकून फुटलेल्या जांभळासारखा, कडेला हिरवट. त्याखाली हसणारे ओठ. धुरपताबाईनं पडद्याला हात लावला, तापलेल्या लेकराच्या गालाला लावतात तसा. काकांची आई जात्यावर बसून एक ओवी म्हणायची. ती इतक्या वर्षांनी त्यांच्या कानात उभी राहिली :

लेक सासरी नांदते, मुखावरी ऊन ऊन
पदराच्या खाली बाई, सावलीची एक खूण

"मला कळलं न्हाई, बाई," काका म्हणाले.

"मला तरी कुठं कळलं," धुरपताबाई म्हणाली. "माझ्या घरात ह्योच फोटू लावलाय. रोज बगायची. म्हनायची, सुखात हाय."

पुढची बैठक रविवारी होती. काका स्वतः गेले. मूळ फोटो मोठा करून, मागे तारीख आणि वेळ लिहून, पाकिटात घालून नेला. धुरपताबाईच्या ओसरीवर माणसं बसली होती. कावेरीचा सासरा व्यंकटराव, नवरा महारुद्र, कावेरीचा मामा पंडित, आणि मधे दोन्हीकडच्यांनी मध्यस्थ मानलेले हरिओमराव. कावेरी आतल्या चौकटीला टेकून उभी होती. तीन महिन्यांत तिचा गाल नितळ झाला होता. काकांचा नेम खरा निघाला होता.

काकांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. हरिओमरावांनी चष्मा लावून पाहिले.

"म्हंजे ह्यो डाग तुमी पुसला?"

"व्हय."

"आन् लोकाला सांगता, माझा फोटू खोटं बोलत न्हाई."

कुणीतरी हसलं. काका म्हणाले, "जाणारं असतं ते मी पुसतो. बाकी..."

व्यंकटरावांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. "काका, पुसता येतं, तर नसलेलं रंगवता बी येत असंल की. आमच्या गावची पोरं मोबाइलवर मानसाला कुत्र्याचे कान लावतेत. तुमी तर कसबी मानूस."

"ह्याच्यावर तारीख हाय, वेळ हाय."

"ती बी बदलता येती म्हनं."

"मी कशाला बदलीन? मला काय पडलंय?"

"पडलंय कसं न्हाई. इथलेच तुमी."

आता महारुद्र पहिल्यांदा बोलला. आवाज अगदी मऊ. "काका, तवा तुमी तिला इचारलं व्हतं, काय लागलं म्हनून. काय म्हनली ती? सांगा की सगळ्यायला."

काकांनी चौकटीकडे पाहिलं. कावेरी त्यांच्याकडेच बघत होती. खोटं बोलले असते तर कुणाला कळणार होतं? पण साठ वर्षांत जीभ एकाच वळणाची झालेली.

"खुंटी लागली म्हनली," काका म्हणाले.

"झालं तर मंग," व्यंकटराव म्हणाले, आणि त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

"तुमी शेजारी उभे व्हते म्हनून तसं म्हनले," कावेरी आतून नवऱ्याला म्हणाली. तिचं बोलणं सुपारीच्या आवाजाखाली गेलं.

धुरपताबाई ठाण्यात जाऊ म्हणाली. तिचाच भाऊ पंडित तिच्यावर ओरडला, "अक्का, धाकटीचं लगीन व्हायचंय अजून. निकिताला कोन करून घेईल मंग?" हरिओमरावांनी घसा साफ केला. एक डाव नांदवून बघू, म्हणाले. पोरीनं समजून घ्यावं, पोरानं हात आवरावा. चहा आला. काकांनी दोन्ही फोटो उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेव्हा कावेरी वाकून आत आली. मागं धुरपताबाई, हातात पिशवी.

"काका, धाडायलेत मला. साडेदहाची गाडी हाय. परभणीला उतरून पुढं पिंगळी."

"बस, लेकरा."

"माझा फोटो काढा."

काकांना समजेना. कावेरीनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. केस मागे बांधले. स्टँडवरून आणलेलं त्या दिवसाचं वर्तमानपत्र छातीशी धरलं, तारीख दिसेल असं.

"दिवे सगळे लावा. आधी समोरून. मंग डाव्या बाजूनं, मंग उजव्या."

काकांनी काढले. तिनं बाह्या वर केल्या, दोन्ही हात पुढे केले, पालथे आणि उलथे. ते काढले. मान वाकवून मानेची मागची बाजू दाखवली. तेही काढलं. धुरपताबाई आरशाकडे तोंड करून उभी होती, पण आरशातही लेकच दिसत होती.

"हे कशाला, कावेरी?"

"आज डाग न्हाई, ह्याचा दाखला." ती शाळेत उत्तर सांगावं तशी बोलत होती. "काल म्हनले ना, नसलेला डाग रंगवता येतो. आता हे असू द्या तुमच्यापाशी. ह्याच्यानंतर जे दिसंल ते तिथलं. मागं तारीख घाला, सही करा. तुमची एकट्याची नको. अजून कुणाची तरी घ्या."

शेजारच्या मेडिकलमधला सिद्धोधन दुकान उघडत होता. काकांनी त्याला हाक मारली. त्यानं कावेरीचं तोंड पाहिलं, पडद्यावरचे फोटो पाहिले. काही विचारावं असं त्याला वाटलं असणार, पण काकांचा चेहरा बघून त्यानं सह्या करायला निमूट मान डोलावली.

कॉम्प्युटरवर कावेरीच्या हनुवटीवर एक पुटकुळी होती. लालसर, नवी, चार दिवसांत जाणारी. काकांचा हात सवयीनं तिकडे गेला.

"काका."

"न्हाई गं," काका म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवला. "न्हाई पुसत."

फोटो छापून, मागे तारीख घालून दोघांनी सह्या केल्या, तोवर गाडी लागल्याचा पुकारा झाला. कावेरीनं पदर डोक्यावर घेतला, पिशवी उचलली, आणि काकांच्या पाया पडायला वाकली. काका मागे सरले. त्यांना तो नमस्कार घेववेना. धुरपताबाई गाडीच्या खिडकीपर्यंत गेली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती, खिडकी असावी तेवढ्या उंचीवर हात धरून.

काका आत आले. मागे सह्या आणि तारीख असलेले सहा फोटो टेबलावर वाळत होते. खणात पाकिटं होती. त्यांनी एक लहान पाकीट काढलं, त्यावर कावेरीचं नाव लिहिलं. फोटो त्यात बरोबर बसले, आणखी एकालाही जागा उरली नाही.

मग ते पाकीट बाजूला ठेवून त्यांनी मोठं पाकीट घेतलं आणि नाव पुन्हा लिहिलं.