टक् ऐकू आलं होतं

माझा राग अख्ख्या हॉस्पिटलला माहीत आहे. दिल्लीतल्या सरकारी हॉस्पिटलात तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काढली, त्यात कुणाची भीड ठेवली नाही. व्हॉट्सअ‍ॅप आल्यापासून तर सर्जन लोकांनी उच्छाद मांडलाय. एक्स-रेचा फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचं, 'मॅडम, जरा देख लीजिए.' फोटोत ट्यूबलाइट चमकतेय, कोपऱ्यात कुणाचं तरी बोट, आणि हाड मोडलंय की नाही ते मी सांगायचं! माझं उत्तर ठरलेलं. फिल्म घेऊन या, फोटोवर मी मत देत नाही. एका प्रोफेसरांना मी भर मीटिंगमध्ये विचारलं, "लग्नसुद्धा फोटो बघूनच केलं होतं का?" तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

तर केतकीचा लेखी खुलासा वाचून माझं डोकं फिरलं, यात नवल काहीच नव्हतं.

केतकी आमच्याकडची सीनिअर रेझिडेंट. दिल्लीतच, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, वडील केंद्राच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मराठी बोलते, पण दर दोन वाक्यांनी 'मतलब' घालते. तीन आठवड्यांपूर्वी तिनं कुमुदिनी झा नावाच्या बाईंच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी सुईनं काढला. सुई खोल गेली आणि फुप्फुसाला भोक पडलं. बाईंच्या छातीत नळी घालावी लागली, चार दिवस आयसीयूत होत्या. वाचल्या, देवाची कृपा.

त्या सुईवर माझा अडसर होता. माझा म्हणजे मी शोधलेला, माझ्या नावाचं पेटंट असलेला. नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा. गाठ किती खोल आहे ते सोनोग्राफीच्या पडद्यावर मोजायचं, अडसर सुईवर तेवढ्या अंतरावर सरकवायचा आणि फिरवायचा. आतला दात खाचेत बसला की टक् आवाज येतो. मग सुई त्यापुढे जाऊच शकत नाही. आवाज मी मुद्दाम ठेवला, कारण खोलीत अंधार असतो आणि डॉक्टरची नजर पडद्यावर असते, हाताकडे नसते. सहा वर्षं घासली मी त्यासाठी. मोठ्या शहरांपासून लांबच्या हॉस्पिटलांत नवशिकी पोरं सुया घालतात, त्यांच्या हातून कुणाला इजा होऊ नये, एवढीच इच्छा होती. आता दिल्लीजवळच्या मानेसरची एक कंपनी तो बनवते.

त्यामुळे अडसर चुकला असेल हे माझ्या मनालासुद्धा शिवलं नाही. त्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये, वॉर्डबॉयपासून पेशंटपर्यंत सगळ्यांसमोर, मी केतकीला झापलं. "सुई कुठे चाललीय ते दिसत नव्हतं? डोळे काय शोभेला ठेवलेत?" चौकशी समिती बसली. कंपनीनं लिहून दिलं, वापरणाऱ्याची चूक. समितीचा तांत्रिक अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी तो द्यायचा होता. त्यावर केतकीची नोकरी जाणार होती आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रारही जाणार होती. म्हणजे सुरू होण्याआधीच करिअर संपलं.

आणि खुलाशात ही बाई काय लिहिते? 'अडसर फिरवताना टक् ऐकू आलं होतं, म्हणून मी पुढे गेले.'

धादांत खोटं! टक् झालं तर तो सरकतच नाही. चूक कबूल करायची हिंमत नाही ती नाही, वर माझ्या यंत्रावर ढकलतेस? म्हटलं, थांब, तुझं खोटं पुराव्यानिशी अहवालात घालते. स्टोअरमधून त्याच खेपेचा नवा खोका मागवला. एक अडसर सुईवर चढवला, फिरवला. टक्. स्पष्ट, छान आवाज. अंगठ्यानं जरा जोर लावला.

अडसर सरकला.

दुसरा घेतला. टक्. सरकला. खोक्यात वीस होते. चौदा सरकले.

गाडी काढली आणि तडक मानेसर. कंपनीचा मेडिकल हेड सुधन्वा, माझाच विद्यार्थी. एमडीला माझ्या हाताखाली होता, मग पेशंट सोडून कंपनीत गेला. त्याच्या केबिनमध्ये शिरले आणि ते सगळे अडसर टेबलावर ओतले.

"हे काय केलंत? दात झिजवलात? कुणाला विचारून? एका बाईचा जीव जात होता, हरामखोरांनो, आणि तुम्ही त्या पोरीवर बिल फाडताय?"

"मॅडम, बसा ना. पाणी मागवू?"

"पाणी घाल चुलीत! सांग, कुणाला विचारलंस?"

त्यानं दार लावून घेतलं. फोन काढला, बराच वेळ मागे मागे सरकवत राहिला आणि माझ्यासमोर धरला. मागच्या सप्टेंबरचा मेसेज. 'मॅडम, साचा लवकर झिजतोय, दात जरा आखूड करतोय. सॅम्पलचा फोटो पाठवतोय. ओके आहे ना?' खाली फोटो. त्याखाली माझा पिवळा अंगठा. वेळ, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. बाहेर साठ पेशंटांची रांग असणार. मी नजर टाकली असणार, अंगठा दाबला असणार आणि पुढच्या पेशंटच्या पोटावर जेली लावली असणार. मला आठवतसुद्धा नव्हतं.

"म्हणून मी वापरणाऱ्याची चूक लिहिलं, मॅडम," सुधन्वा हळूच म्हणाला. "तुमचं नाव यायला नको. तुमच्याकडचा तुमच्या जुन्या फोनबरोबर गेलाच, आता हा मेसेज फक्त माझ्याकडे आहे. नवा साचा गुपचूप करून देतो, कुणाला कळणार नाही."

"आणि केतकी?"

"तरुण आहे. सावरेल."

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, तोच नजर परत त्या फोटोवर गेली. फोटो बघून हो म्हणाले. मी! सॅम्पल हातात न घेता, एकदाही न दाबता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला भर चौकात उभा सोलला असता. राग तर अनावर झाला होता, आणि तो काढायचा कुणावर? समोरच्या काचेत माझंच तोंड दिसत होतं.

"तो मेसेज मला पाठव," मी म्हणाले. "आणि आजच्या आज सगळ्या हॉस्पिटलांतला माल परत मागव. नाही मागवलास तर उद्या मी स्वतः एकेका हॉस्पिटलला फोन करते."

"मॅडम, तुमचं पेटंट, तुमचं नाव, सगळं..."

"मेसेज पाठव, सुधन्वा."

शुक्रवारी समितीसमोर मी अहवाल वाचला. डॉक्टर केतकीची चूक नाही. दात आखूड केल्यानं अडसर सरकला. त्या बदलाला मंजुरी मी दिली, न तपासता, फोनवरचा फोटो बघून. अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "उत्तराजी, इतना लिखने की क्या ज़रूरत है? 'तांत्रिक दोष' लिख दीजिए, बस." मी म्हटलं, "दोषाला नाव आहे, सर. माझं आहे." आणि सही केली. आता चौकशी माझी होणार. होऊ दे. कुमुदिनीबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

मग केतकीला शोधलं. ती सोनोग्राफीच्या खोलीत चादर बदलत होती. मी अहवालाची प्रत तिच्या हातात दिली. तिनं उभ्यानं वाचली, शेवटच्या पानापर्यंत.

"केतकी, मी चुकले," मी म्हणाले. तीस वर्षांत हे वाक्य कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

"मॅडम, तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, डोळे शोभेला ठेवलेत का," ती म्हणाली. आवाज शांत होता. "मतलब, मला ते खरंच वाटलं. टक् ऐकलं होतं मी. तरी मला वाटायला लागलं, ऐकलंच नसेल. तीन हफ्ते मी रोज सोचत होते, मीच खोटं बोलतेय."

मी परत माफी मागायला लागले.

"मला सॉरी नको," ती म्हणाली. तिनं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "माझ्या बाबांना सांगा. ते लोकांसमोर मान वर करत नाहीत."

पलीकडून जाडसर आवाज आला. "हां, बोल बेटा."

"नमस्कार भाऊसाहेब. मी डॉक्टर उत्तरा सामंत. केतकीची काहीही चूक नव्हती. चूक माझी होती. मी लिहून दिलंय."

मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. मी मन घट्ट करून उभी राहिले.

"अच्छा," ते म्हणाले, आणि आवाज फाटला. "मग तिला एवढं सांगा, मॅडम. आज तरी पोटभर जेव म्हणावं."

मी फोन खाली केला. केतकी माझ्याकडे बघत होती आणि मला ते वाक्य तिला सांगता येईना.