रिळाच्या बुडाशी

"जाड देऊ का बारीक?" तात्यारावांनी तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची, दोन रिळं पुढं सरकवत तिसऱ्यांदा विचारलं, आणि वैजीनाथनं तिसऱ्यांदा दोन्ही रिळं चाचपून बघितली.

तात्यारावांचं जिंतूरच्या बाजारात दोर, सुतळी, जाळ्याचं सूत असल्या मालाचं दुकान होतं. वैजीनाथ येलदरीच्या धरणावर नोकरीला. सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, एवढंच काम. त्यात डोकं चालवावं लागत नाही. घरी काय घ्यायचं न काय नाही, ते त्याची बायको सगुणाबाई बघायची. त्याच्या सदऱ्याचं कापडसुद्धा तीच निवडायची. आता ती नव्हती, आणि बावन्न वर्षांच्या बाप्याला साधा दोरा निवडता येईना.

गळाची काठी त्याला हैदराबादच्या एका इंजिनिअर साहेबांनी जाता जाता दिलेली. तिला दोरा गुंडाळायची चक्री, आणि दोऱ्याच्या टोकाला बिनदांड्याचा पितळी चमचा, त्याला गळ. चमचा लांब फेकायचा आणि ओढत आणायचा. पाण्यात लकाकला की मासा झेपावतो. साहेबांनी फेकून दाखवलं होतं, पण दोरा कुठला लावायचा हे सांगायचं राहून गेलं. जुना दोरा कुजला तशी वैजीनाथनं काठी माळ्यावर टाकली, ती टाकलीच.

मागच्या साली सगुणाबाईनं अंथरूण धरलं. तुमच्या हातचा एक मासा खाऊ घाला की, असं ती एकदा म्हणाली. वैजीनाथनं काय करावं? लिंबाजी भोयाकडून जाळ्यातली मरळ घेतली आणि मीच धरली म्हणून दडपून सांगितलं. सगुणाबाईनं माशावरून हात फिरवला. "जाळ्याचे वळ हायेत की ह्याच्या अंगावर," एवढंच म्हणाली, हसली, आणि दोन घास खाल्ले. पंधरा दिवसांनी ती गेली. ती लबाडी वैजीनाथला वर्षभर सलत राहिली. येत्या रविवारी वर्ष भरत होतं. झरीहून लेक येणार, बुद्धवंदना होणार, मग घरच्यांनी सगुणाबाईच्या आवडीचं जेवायचं. त्या दिवशीचा मासा आपल्या हातचाच, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

अडचण एकच होती. मासे उसळायचे ते बुडालेल्या बाभळींच्या पलीकडं, काठापासून लय लांब.

तात्याराव म्हणाले, मोठा मासा म्हणजे जाडच पाहिजे. जाळ्याचं सूत घ्यायला आलेला लिंबाजी तिथंच उभा होता. तो म्हणाला, जाड तंगूस चमच्याला मागं ओढतोय, लांब जायला बारीकच लागतो. दोघांची चांगलीच जुंपली. वैजीनाथ एकदा ह्याच्याकडं बघे, एकदा त्याच्याकडं, आणि दोघांचंही पटे. शेवटी त्यानं दोन्ही रिळं घेतली.

शुक्रवारी सांजेला जाड लावला. चमचा बाभळींच्या निम्म्यातच पडला. मग बारीक लावला, आणि सगळा जोर लावून फेकला. चमचा असा काही गेला की वैजीनाथ हरखला. मग हातात बघतो तर नुसता दोरा. चमचा एकटाच पलीकडं गेला होता. साहेबांनी दिलेल्या दोन चमच्यांतला आता एकच उरला. शनिवारी तो पुन्हा जिंतूरला गेला. मधल्या मापाचा तंगूस होता, पण थोडाच. तोही लावला, तरी चमचा आपला अलीकडंच. जाड जात नाही, बारीक टिकत नाही, मधला तर काहीच करत नाही. साहेबांच्या हातात हीच काठी कशी चालायची, त्याला कळेना. डोक्याचा पार भुगा झाला.

सांजेला लेक चतुरा आली. बाप ओसरीवर काठी मांडीवर घेऊन बसलेला. तिनं चक्री हातात घेतली, दोरा थोडा ओढून बघितला.

"बाबा, हे रीळ भरलंच कुठं हाय? दोरा कडेला घासायलाय. काठोकाठ भरा, मंजी सुटंल."

"तंगूस सरला की दुकानातला. अन् आधीचे दोन्ही लिंबाजीला देऊन बसलो."

चतुरा आत गेली आणि मायची पेटी उघडून गोधडीचा लाल दोरा घेऊन आली. अर्धी राहिलेली शेवटची गोधडी, तिचा तो दोरा. वैजीनाथचा हात पुढं होईना.

"मायचा हाय तो," तो म्हणाला.

"मायसाठीच लावायचाय न्हवं?"

तिनं आधी लाल दोरा गुंडाळला, त्यावर गाठ मारून तंगूस. रीळ काठोकाठ भरलं, लाल कुठं दिसेना.

रविवारी उजाडता वैजीनाथ पाण्यावर होता. पहिल्याच फेकीला चमचा बाभळींच्या पलीकडं जाऊन टपकला. त्याला खरंच वाटेना. तिसऱ्या फेकीला हिसका बसला. काठी वाकली, चक्री कुरकुरली, आणि मासा जो आत पळाला तो थांबायचं नाव घेईना. मरळ की शिवडा, काही कळायला मार्ग नव्हता. तंगूस सरत आला, रिळाच्या बुडाशी लाल दिसायला लागलं, आणि गाठ खटकन रिळाबाहेर पडली.

सोडावं तर मासा दमेल, पण सगुणाबाईचा दोरा बाभळींत जाईल. रोखावं तर मासा जाईल. वर्षभर ज्याची वाट बघितली तो मासा पलीकडं ओढत होता, आणि ह्याला काय करावं ते सुचेना. हातभर लाल दोरा बाहेर गेला तसा त्यानं झटकन पुढं वाकून गाठीच्या पुढचा तंगूस मुठीत धरला, तळव्याला दोन वेढे घेतले. तंगूस कातडीत रुतला. मग एकदम सैल पडला.

परतताना लिंबाजी भेटला. रिकामे हात बघून त्यानं टोपलीतली मरळ पुढं केली. घ्या, कोणाला कळायलंय, म्हणाला. वैजीनाथनं मान हलवली आणि चालू लागला.

चतुरानं त्याचा तळवा बघितला आणि हळद आणली. पट्टी बांधून घेता घेता वैजीनाथनं खाली मान घालून सगळं सांगितलं. मागच्या सालचा मासा विकतचा होता, तिच्या मायला आपण शेवटी शेवटी फसवलं, आज तरी खरं करायचं होतं.

"मायनं सांगितलं व्हतं मला," चतुरा म्हणाली. "म्हणाली, तुझ्या बापाला धड लबाड बोलता येत न्हाई. पर तसला गोड मासा जल्मात खाल्ला न्हाई म्हणली."

वैजीनाथला हुंदका आवरेना. चतुरा तिथंच बसून राहिली. मग उठून तिनं चुलीवर पिठलं टाकलं. वंदनेला माणसं यायच्या आधी वैजीनाथनं अंगणात उन्हाला बसून तंगूस सगळा उलगडून टाकला. बुडाचा लाल दोरा भिजला होता. तो वाळेपर्यंत रीळ गुडघ्यावर घेऊन तो तिथंच बसला.