वरच्या तळ्याची वाट

गाडी घेतली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवत होते. अजूनही बनवते. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांवर मेण चढवायचं, दात बसवायचे, घासायचे आणि संध्याकाळी नाकातली पांढरी भुकटी शिंकरून घरी जायचं. अशा बाईला चारही चाकांना जोर असलेली, डोंगर चढणारी गाडी कशाला हवी, असं ज्याने त्याने विचारलं. नवरा म्हणाला, "हौसेला मोल नसतं हे खरं, पण हप्ता असतो." पाच वर्षांचे साठ हप्ते होते.

हौस मूळची दादाची. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो छापखान्यात मशीन चालवायचा. त्याच्याकडे एक जुनी जीप होती, दारं दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. सुट्टीच्या दिवशी रस्ता संपतो तिथून त्याचा प्रवास सुरू व्हायचा. मी एकोणीस वर्षांची असताना त्याने मला वरच्या तळ्यावर नेलं होतं. आधी नदीचं कोरडं पात्र, मग डोंगराच्या कडेकडेने अकरा किलोमीटर दगडधोंडे आणि शेवटी सुट्या खडीची अशी उभी चढण, की समोर फक्त बॉनेट आणि आकाश. त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि परत येताना मी ठरवूनही टाकलं होतं की कधीतरी आपली स्वतःची अशी गाडी घ्यायची. त्या 'कधीतरी'ला तेवीस वर्षं लागली.

गाडी घरी आली त्या दिवशी दादा तिच्याभोवती दोन चकरा मारून आला. गुडघ्यावर बसून त्याने खाली वाकून पाहिलं, पोटाखालच्या लोखंडी प्लेटवर टिचकी मारली.

"झकास! माझ्या म्हातारीचा गिअरबॉक्स आता तळ्यापर्यंत टिकत नाही. पुढच्या महिन्यात हिला नेऊ. तू चालव, मी शेजारी बसतो."

मला हसू आलं. दादाने स्टिअरिंग कधी कुणाच्या हातात दिलं नव्हतं, वहिनीच्याही नाही. मला वाटलं, लाडक्या बहिणीला मोठ्या मनाने मान देतोय.

'हो' म्हणून बसले आणि मग माझी झोप उडाली. विमा कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "नुकसान रस्त्यावर होणार की रस्ता सोडून?" जणू मी मुहूर्त काढायला फोन केला होता. नदीच्या पात्रात, म्हटल्यावर ती म्हणाली, "मग अवघड आहे मॅडम." गाडी विकणाऱ्याने तर सरळ सांगितलं की खालून मार बसला तर वॉरंटी विसरा. ज्याच्या जाहिरातीत गाडी दरीच्या टोकावर उभी होती, तोच हा माणूस. एखादा दांडा तुटला तर गाडी गॅरेजमध्ये पडून राहणार आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या पगारातून जात राहणार. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं मी लोकांना सांगत आले होते, आणि इथे माझे पाय आधीच अंथरुणाबाहेर होते.

तरी आम्ही गेलो. एका रविवारी सकाळी, दादा शेजारी, मांडीवर चहाचा थर्मास. नदीच्या पात्रात उतरलो. दादा हळू आवाजात सांगत होता, "पहिला गिअर. ब्रेक नको, इंजिनलाच धरू दे. दगडाला चुकवू नकोस, चाक त्याच्यावर चढव." मी चुकवला. चाक घसरलं आणि खालून खणकन् आवाज आला.

मी गाडी थांबवली, उतरले, दगडांवर उताणी झोपून गाडीखाली पाहिलं. प्लेटवर हातभर ओरखडा होता, बाकी काही नव्हतं. दादाही उतरला.

"अगं, ती प्लेट मार खायलाच लावलीय," तो म्हणाला. "तिने मार खाल्ला, काम झालं. चल."

"तुला बोलायला काय जातं?" मी कपडे झटकत म्हटलं. "हप्ता काय तुझ्या पगारातून जातो?"

बोलून गेले. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग पात्राच्या वरच्या अंगाला, जिथे वाट डोंगरात शिरते तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "वळव."

एक किलोमीटरसुद्धा झालं नव्हतं. परत येताना तो संपूर्ण वेळ खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. मी दोनदा विषय काढला, त्याने हूं हूं केलं. मला वाटलं, रुसलाय. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने एवढ्यातेवढ्यावरून रुसावं, म्हणून मलाच राग आला.

त्यानंतर गाडी माझ्या कामाच्या आणि बाजाराच्या वाटेवर धावू लागली. प्रयोगशाळेतल्या बायका म्हणायच्या, "हत्ती पाळलाय आणि त्याच्यावरून कोथिंबीर आणतेस!" मीही हसायचे. दादाने त्या वर्षी जीप भंगारात दिली आणि छापखान्यातली नोकरी वेळेआधी सोडली. विचारलं तर म्हणाला, "कंटाळा आला गं." एकदा फोनवर त्याने सहज विचारलं, "हप्ते किती राहिले?"

"चौतीस. ते फिटले की दुसऱ्या दिवशी तळं. अगदी शब्द देते."

"चौतीस," तो म्हणाला आणि हसला. "बरं, बरं."

मग एके दिवशी प्रयोगशाळेसमोर उभ्या असलेल्या माझ्या गाडीवर पाण्याचा टँकर मागे येऊन आदळला. अख्खा दरवाजा आत गेला. इतकी जपलेली गाडी, आणि मी आत बसून कुणाच्या तरी दाढा घासत होते. विम्याने पैसे दिले, दरवाजा नवा आला. रंगात जरासा फरक राहिला, तो कुणाला दिसायचा नाही. मला दिसायचा.

पंचेचाळिसावा हप्ता गेला त्या आठवड्यात मी दादाकडे गेले होते. मध्ये सात-आठ महिने नुसते फोनच झाले होते. वहिनीने चहा टेबलावर ठेवला. दादाने हात पुढे केला, तो कपाच्या अलीकडे टेबलावर टेकला, मग बोटं सरकत सरकत कपापर्यंत गेली. बोलता बोलता, अगदी सवयीने.

स्वयंपाकघरात वहिनीला विचारलं तर तिने नळ सोडला आणि भांडी विसळता विसळता सांगितलं, "काचबिंदू. कळलं तेव्हाच उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग हळूहळू... आता उजेड कळतो, माणसाची आकृती कळते. बाकी नाही."

"कधीपासून?"

"तुझी गाडी यायच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनीच जीप चालवायची बंद करायला लावली."

मला दादाचे शब्द आठवले. तू चालव, मी शेजारी बसतो. "मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणत होते, सांग. म्हणे, सांगितलं तर ती कीव येऊन हो म्हणेल. मग ती वाटभर मलाच बघत बसेल आणि मी तिला. मला डोंगर बघायचाय." वहिनीने नळ बंद केला. "तुमच्या घरात सगळेच हट्टी."

म्हणजे परतीच्या वाटेवर तो रुसला नव्हता. जेवढं दिसत होतं तेवढं डोळ्यांत भरून घेत होता. आणि मी त्याला घेऊन घाईघाईने पक्क्या रस्त्याला लागले होते.

बाहेर येऊन मी म्हटलं, "दादा, रविवारी तळ्यावर जायचं."

"पंधरा राहिलेत ना अजून?" त्याचा हिशोब बरोबर होता.

"खड्ड्यात गेले."

"तुझ्या वहिनीने तोंड उघडलं वाटतं," तो म्हणाला. मग त्याने कप टेबलावर ठेवला. "चल. निदान धक्के तर खाऊ."

रविवारी निघालो. खरं सांगते, ती वाट मी नाही, दादाने पार केली. डोळे मिटून, एक हात डॅशबोर्डवर ठेवून तो बसला होता. "आता डावीकडे झुकली ना? मोठा कातळ आला. उजवं चाक वर घे. घाबरू नकोस, पडत नाही." खालून तीनदा दणके बसले. दाराखालची पायरी वाकली, एक आरसा झुडपात अडकून निखळला. मी उतरले नाही. शेवटच्या चढणीवर समोर फक्त आकाश उरलं, तेव्हा दादा लहान मुलासारखा ओरडला, "सोडू नको! पाय सोडू नको!" आणि आम्ही वर होतो.

वारा फार होता. मी त्याचा हात धरून त्याला काठावर नेलं. तो चेहरा पाण्याकडे करून उभा राहिला.

"पाणी किती आहे?"

"निम्म्याहून थोडं जास्त."

"मग मधला खडक दिसत असेल. उंटासारखा. दोन कुबडं."

मी पाहिलं. खडक मला दिसला नाही. बुडाला असेल, किंवा इतक्या वर्षांत खचला असेल, कोण जाणे. "दिसतोय," मी म्हटलं.

"पक्षी आहेत त्याच्यावर?"

"आहेत. दोन. काळे. एकाने पंख पसरलेत."

"वाळवत असेल," तो समाधानाने म्हणाला.

मी आणखी सांगत गेले. पलीकडच्या उताराचा रंग, ढगाची सावली पाण्यावरून कशी सरकतेय, काठावरचं गवत. शब्द पुरेनात. मी चाचपडत होते आणि तो मान हलवत होता, जणू माझ्याच समाधानासाठी.

खाली उतरायला लागलो तेव्हा मला राहवलं नाही. "दादा, त्या दिवशी मी वळवायला नको होतं."

"छे गं," तो म्हणाला. "गाडी नवी होती, कर्ज डोक्यावर. तुझ्या जागी मीही वळवली असती."

त्याने मला दोष दिला असता तर सोपं गेलं असतं. मी गिअर बदलला. नदीचं पात्र येईपर्यंत त्याची मान छातीवर कलली होती. तोंड किंचित उघडं ठेवून तो गाढ झोपला होता. पक्का रस्ता लागला तरी मी वेग वाढवला नाही. मागचे हॉर्न वाजवत होते, हात हलवत होते, एकेक करून पुढे निघून जात होते.