अबोलीचं मावंदं

२००६ च्या ऑगस्टात अबोली अलास्काहून ट्रॉय गावातल्या घरी परतली आणि तिनं फ्रिजचा खालचा खण बाटल्यांनी भरून टाकला. "आई, ह्यांना हात लावू नकोस. माझी सगळी पीएचडी आहे त्यात," एवढं बजावून ती झोपली ती चौदा तास.

तिच्या आईला, शोभनाताईंना, काही चैन पडेना. पोरगी पृथ्वीच्या टाळूवर जाऊन, तिथल्या तळ्याचं पाणी घेऊन सुखरूप आली आणि मावंदं नाही? त्यांच्या लहानपणी आत्याबाई काशीहून परतल्या, तेव्हा गंगेचा गडू फोडायला साताऱ्यातली अख्खी आळी जेवायला होती. त्या दिवशीच्या पुरणाचा वास अजून त्यांच्या नाकात होता.

अबोली वर घोरत असताना खाली सात पानं मांडली गेली. सगळ्यांत मोठ्या बाटलीतलं पाणी जरा हिरवट होतं. पण श्रावणातली गंगा तरी कुठे नितळ असते? देवांना स्नान झालं. मग पळीपळीनं तीर्थ. शेजारचे मनोहरराव डोळे मिटून म्हणाले, "वहिनी, काय गोडी आहे! आणखी एक पळी." रिकामी बाटली बरी दिसेना, म्हणून ताईंनी ती नळाखाली धरून भरली.

महिन्याभरानं अबोली नाचतच घरात आली. "आई, तिथल्या एका तळ्याकाठी चाळीस हजार हंस घरटी करतात. त्यांची घाण पाण्यात जाते, शेवाळ माजतं, असं सगळे म्हणतात. आणि त्याच तळ्याचं माझं सॅम्पल, ती सगळ्यांत मोठी बाटली, सगळ्या तळ्यांत स्वच्छ! सर म्हणतात, हंसच पाणी शुद्ध करत असणार. डिसेंबरमध्ये शंभर सायंटिस्टांपुढे प्रेझेंट करायचंय!"

हंस दूध नि पाणी वेगळं करतो, हे ताईंनी ऐकलेलं होतं. घटकाभर त्यांनाही पटलं. पण शंभर जणांपुढे पोरीचं हसं झालं तर? त्यांनी सगळं सांगून टाकलं.

अबोलीनं आधी विचारलं, "प्यायलात? किती जण?"

"सात. मनोहरराव दोनदा."

"कोणी आजारी?"

"छे गं! त्यांचं तर पोट साफ झालं म्हणे."

अबोलीनं सरांना फोन केला, प्रेझेंटेशन कॅन्सल केलं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तळं गाठलं. या वेळी ताई सोबत होत्या, पातळावर जाडजूड कोट चढवून आणि पिशवीत साताऱ्याचा गडू घेऊन.

काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे हंस, आणि हंसांखाली त्यांची कृपा. पाणी वाटलेल्या कोथिंबिरीसारखं.

ताईंनी गडू हळूच पिशवीत परत ठेवला.

"अबोली, मनोहररावांना फोटो दाखवू नकोस हो."