विनयची लाल खुर्ची

माय अन् बाबा लग्नापासून एकमेकाशी सरळ कधी बोललेच नाहीत. मधात कोणीतरी लागेच. आधी आजी होती, मंग माहा भाऊ विनय. "विनय, बाबाले सांग, भाकर झाली." अन् बाबा समोरच बसून!

विनय इचोड्याजवळ ट्रकखाली गेला. तरी या दोघायचं बोलणं चालूच राह्यलं, त्याच्या रिकाम्या लाल खुर्चीले. "विनय, मायले विचार, भाजीत मीठ काऊन नाही?" भाजी वाढत मी उभी! जित्ती-जागती! मले कोणी काई सांगतच नव्हतं. असा राग ये का इचारू नका.

मी शाळेत मास्तरीण. मावला गावाले आमचं समुपदेशनाचं ट्रेनिंग लागलं. सरावाले खरे जोडपे पाह्यजे होते, तं मी या दोघायचंच नाव देऊन टाकलं. आमच्या भीमपूरहून निघालो तं मायनं ऑटोत खुर्चीबी घेतली. "त्याच्याबिगर मी बोलू कशी?"

शिकवाले आलेल्या हैदराबादच्या मॅडमनं आमाले पयला नियम सांगतला होता, नवराबायकोचे निरोप पोचवाचे नाहीत. पण खुर्ची पाहून त्या खुशच झाल्या. "समोर नसलेल्या माणसाशी बोलायला रिकामी खुर्ची मांडायची पद्धत तर मी उद्या शिकवणार होते! घरच्या रीतीचा मान ठेवा." लगेच ट्रेनिंगले आलेल्या एका सरानं खुर्चीपुढं चहा ठेवला. दुसऱ्यानं अदबीनं विचारलं, "यांना साखर चालते?"

मी कपाळावर हात मारला. पण साखरेचं नाव काढताच मायचा चेहरा उतरला.

"विनय," माय खुर्चीले म्हणाली, "बाबाले सांग, त्या दिवशी साखर आणाले तुले मीच धाडलं होतं."

बाबा खुर्चीकडं वळले. मंग म्हणाले, "विनय, मायले सांग, गाडीची चाबी म्या देल्ली होती."

सारा हॉल रडू लागला. मॅडम डोळे पुसत मांगं सरकल्या, अन् टेकल्या त्या नेमक्या लाल खुर्चीवर.

"अवं, उठव त्याईले!" बाबा मायवर ओरडले.

"तुमीच उठवा!" माय ओरडली.

अन् दोघंबी एकमेकाकडं पाहू लागले. जिंदगीत पयल्यांदा सरळ बोलले, अन् तेबी भांडण! माय तं नव्या नवरीवाणी लाजली.

घरी आलो. मायनं चहा गाळला. खुर्चीकडं पाह्यलं. मंग माह्याकडं.

"साक्षी, बाबाले सांग, चहा झाला."

बाबा दोनच हात लांब बसले होते. मॅडमचा नियम मले पाठ होता. मरो ते ट्रेनिंग!

"बाबा," मी कप त्याईच्या हातात देत म्हणाली, "चहा झाला."