टिटव्या सरावल्या

हॉस्पिटलमधून मेहुणीचा फोन आला तेव्हा मी धावपट्टीच्या कडेला टिटव्या हाकलत होतो. "भाऊजी, ताई गेली," ती म्हणाली. त्या वेळी गाडीवरच्या भोंग्यातून हिचाच, माझ्या बायकोचा, आवाज चालू होता: "उठा मेल्यांनो, घर आहे का धर्मशाळा?"

पक्षी कुठल्याही आवाजाला सरावतात. फटाके, बंदुकीचे बार, सगळ्याला. म्हणून आम्हाला आवाज बदलत राहावे लागतात. गेल्या वर्षी एकही आवाज चालेना, तेव्हा मी घरी रडगाणं गायलं. ही म्हणाली, "माझा घ्या. पंचवीस वर्षं झाली, तुम्ही अजून सरावला नाहीत. पाखरं काय सरावणार?" भांडी घासता घासता ती मोबाइलमध्ये ओरडली. दुसऱ्या दिवशी टिटव्या कुंपणापार गेल्या. साहेब त्या आवाजाला 'वहिनींची तोफ' म्हणायचे.

आता टिटव्या भोंग्याखालीच चरतात. परवा एक टिटवी उतरत्या विमानाच्या पंखाला घासून गेली. साहेबांनी मला बसवून घेतलं. "वहिनींचा आवाज काढून टाकावा लागेल," ते म्हणाले, आणि बराच वेळ टेबलावरचे कागद नीट करत राहिले. मी "हो" म्हणालो. त्यांचं बरोबरच आहे. विमानात माणसं असतात.

साहेबांनी दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये ससाण्याचा आवाज आहे. गेले दोन दिवस मी भोंगा बंद ठेवून पायीच फिरतोय आणि टाळ्या वाजवून टिटव्या उठवतोय. पेनड्राइव्ह माझ्या खिशात आहे. हिचा आवाज अजून काढायचा राहिलाय.