हरकतीची नोटीस

वकिलांच्या शिस्तपालन समितीच्या खोलीत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती खिडकीशी जाई, परत खुर्चीशी येई. अध्यक्ष निघालेले सरांना माफ करायला, दुसरे सभासद त्यांची वकिलीची सनद काढून घ्यायला. सगळं तिच्या एका मतावर येऊन ठेपलं होतं.

आणि सर म्हणजे तिला बोट धरून वकिली शिकवणारे. तिच्या पहिल्या काळ्या कोटाची बटणंसुद्धा त्यांच्या बायकोनं लावलेली. "ती समितीवर असू दे की, माझी ना नाही," असं सर स्वतःच म्हणाले होते.

प्रकरण साधं होतं. एका भावानं बहिणीला अंधारात ठेवून वडिलांचं घर विकलं. व्यवहार सरांच्या हातचा. घरावर कुणाचा हक्क असल्यास कळवावं, अशी नोटीस त्यांनी रीतसर पेपरात दिली होती. फक्त तो पेपर बहिणीच्या गावात जातच नव्हता. घर गेल्याचं तिला शेजारणीकडून कळलं. आता ती बहीण भिंतीला टेकून, पदराचं टोक पिळत बसली होती.

"पेपरात द्या, एवढंच नियम सांगतो," सर हसून म्हणाले. "कुठल्या, ते सांगत नाही. काय पोरी, चुकलं का माझं?"

खोलीत सगळ्यांनी सरांच्या शिष्येकडे पाहिलं.

"सर, बहीण कुठं राहते, ठाऊक होतं तुम्हाला?"

"पक्षकारांची खानेसुमारी करतो की काय मी?"

"मी तुमच्याकडे असताना पेपर तुम्हीच निवडायचात. आधी विचारायचात, नातलग कुठं कुठं पांगलेत. नोटीस त्यांच्या दारात पडली पाहिजे म्हणायचात. या वेळी विचारलं नाहीत?"

सरांचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"विचारलं होतं," ते हळूच म्हणाले.

म्हणजे गाव ठाऊक होतं. तिथं न जाणारा पेपर मुद्दामच निवडला होता. अध्यक्षांनी खाली पाहिलं. सर बाहेर गेले, मतं घेतली गेली. सनद जावी, असं ती म्हणाली तेव्हा आवाज तिचा तिलाच परका वाटला.

बाहेर सर उभेच होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी निकाल ओळखला.

"माझ्याकडे शिकलेलं काही विसरली नाहीस म्हणायची!"

ते कौतुक होतं की टोमणा, तिला कळेना. विचारायचा धीर होईना, आणि तिथून पायही निघेना.